फर्मवेअर बदललं की आवाज बदलतो?

प्रश्न : अपडेटनंतर माझ्या डॅकचा आवाज अधिक मोकळा वाटतो. हा भास आहे का?

उत्तर : डॅकच्या रचनेवर ते अवलंबून आहे. बहुतेक डॅकमध्ये डिजिटल संकेताचं ॲनालॉगमध्ये रूपांतर तयार चिप करते. फर्मवेअर यूएसबी, डिस्प्ले, रिमोट सांभाळतं. तिथे आवाज सहसा तोच राहतो. पीएस ऑडिओ कंपनीच्या डायरेक्टस्ट्रीम या डॅकचं मात्र निराळं. त्यात तयार डॅक चिपच नाही. फिल्टरचं सारं गणित एफपीजीएत, म्हणजे पुन्हा प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपमध्ये, चालतं आणि ते अपडेटने बदलता येतं. (आवृत्त्यांना कोलोरॅडोतल्या शिखरांची नावं, हे मला फार आवडतं!)

तुम्ही आधी व्हॉल्यूम आणि फिल्टरची सेटिंग तपासा. अपडेटमध्ये ती कधीकधी मूळपदावर जातात. अर्ध्या डेसिबलने वाढलेला आवाजही कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. पातळी मोजून सारखी करा, मगच तुलना करा.