रेकॉर्डरसाठीं चाल कशी बांधावी

चांगला सुतार हातीं आलेल्या लांकडाचे गुण ओळखतो, आणि मगच त्याची काय वस्तु करावयाची तें ठरवितो. संगीतरचनेची गोष्टहि अशीच आहे. कंठास शोभणारी चाल पेटीवर शोभेलच असें नाहीं, आणि पेटीवर सहज वाजणारी चाल फुंकून वाजविण्याच्या वाद्यावर वादकाचा दम काढील. म्हणून जो कोणी एखाद्या वाद्यासाठीं कांहीं रचूं इच्छितो त्यानें प्रथम त्या वाद्याची प्रकृति जाणून घेतली पाहिजे. या लेखांत रेकॉर्डर या लहानशा वाद्याच्या संबंधानें हा विचार करावयाचा आहे. हें वाद्य पुष्कळ देशांत शाळकरी मुलांच्या हातीं दिलें जातें, आणि त्यामुळेंच लोक त्यास खेळणें समजतात. तें खेळणें नाहीं, हें त्यासाठीं रचना करूं लागल्यावर लवकरच कळून येतें.

रेकॉर्डर ही युरोपांतील एक प्रकारची उभी बासरी होय. आपल्या आडव्या बासरींत वादक ओठांनीं फुंकेची धार भोंकाच्या कडेवर सोडतो. ती कशी व कोठें पडावी हें त्याचे ओठ ठरवितात. रेकॉर्डरमध्यें हें काम वाद्य स्वतःच करितें. त्याच्या मुखांत एक ठोकळा बसविलेला असतो. ठोकळा व नळी यांमधील अरुंद वाटेनें फुंक पुढें जाते आणि समोरच्या धारदार कडेवर आपटून नाद उत्पन्न करिते. आपल्याकडील अलगूज याच तत्त्वावर वाजतें. नळीस पुढें सात व मागें आंगठ्यासाठीं एक अशीं आठ भोंकें असतात. मागचें भोंक किंचित् उघडलें म्हणजे वरच्या सप्तकांतील स्वर निघतात. वाद्याचा एकंदर पल्ला दोन सप्तकें व त्यावर थोडा इतका असतो. डेस्कंट, ट्रेबल, टेनर व बास हे त्याचे नेहमींच्या वापरांतील चार आकार होत. ज्यांनीं चार आवाजांचें गायन ऐकलें आहे त्यांस ही विभागणी लागलीच समजेल.

आतां या वाद्याच्या मुख्य अडचणीकडे वळूं. फुंकेची वाट ठरलेली असल्यामुळें पहिला स्वर काढणें अगदीं सोपें असतें. परंतु त्याच कारणामुळें आवाज लहानमोठा करणें फार कठीण होतें. जोरानें फुंकलें तर स्वर मोठा होतो खरा, पण त्याबरोबर तो चढतो; हळू फुंकलें तर तो उतरतो. निष्णात वादक बोटांची ठेवण बदलून हा दोष पुष्कळसा सांवरून घेतात, तथापि त्यास मर्यादा आहे. शिवाय खालचे स्वर स्वभावतःच मृदु व वरचे तीव्र असतात. अठराव्या शतकांत वाद्यवृंद मोठे होत गेले, तेव्हां ओठांच्या योगें नादावर अधिक ताबा देणारी आडवी बासरी पुढें आली आणि रेकॉर्डर मागें पडला. एके काळीं ज्याचा राजदरबारांतहि मान होता (इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या संग्रहाची 1547 सालीं यादी झाली तींत 76 रेकॉर्डर नोंदलेले आहेत), तें वाद्य पुढें बराच काळ बहुतेक विस्मृतींत गेलें.

मग अशा वाद्यासाठीं भावपूर्ण रचना करावी तरी कशी? जुन्या रचनाकारांनीं यास जीं उत्तरें दिलीं तींच आपले धडे होत.

पहिलें उत्तर असें कीं, जेथें जोर वाढवितां येत नाहीं तेथें हालचाल वाढवावी. हॉलंडमधील उट्रेख्ट शहरीं याकोब फान आइक नांवाचा एक जन्मांध वादक होता. देवळाच्या मनोऱ्यांतील घंटा वाजविणें हा त्याचा धंदा. 1649 सालीं त्याचें वार्षिक वेतन 80 गिल्डरांवरून 100 गिल्डर करण्यांत आलें. अट इतकीच कीं, त्यानें मधून मधून सायंकाळीं देवळाच्या आवारांत फिरावयास येणाऱ्या लोकांस आपली लहान बासरी ऐकवावी. त्याच्या संग्रहांत सुमारें दीडशें रचना असून त्यांत स्तोत्रांच्या चाली आहेत व लोकांच्या तोंडचीं गाणींहि आहेत. त्याची पद्धत सरळ आहे. प्रथम चाल साधी वाजवावयाची. दुसऱ्या वेळीं प्रत्येक लांब स्वराचे दोन तुकडे करावयाचे. तिसऱ्या वेळीं चार. मूळ चाल आंत शाबूत राहते, पण वाद्य मोठ्यानें न ओरडतां श्रोत्यांचें मन भरून जातें.

दुसरें उत्तर असें कीं, दुर्बळास बोलूं द्यावयाचें असेल तर बलवानानें थोडा वेळ गप्प बसावें. बाखनें 1721 सालीं ब्रांडनबुर्गच्या सरदारास जे सहा कॉन्सर्टो अर्पण केले, त्यांतील दुसऱ्यांत रेकॉर्डर, ओबो, व्हायोलिन व तुतारी अशीं चार प्रमुख वाद्यें आहेत. तुतारीपुढें रेकॉर्डरचा टिकाव लागणें कठीण. म्हणून त्याला त्यानें वरचे, तीव्र स्वर दिले. आणि मधला संथ भाग आला तेव्हां तुतारीस अजीबात विश्रांति देऊन बाकीच्या तिघांचा संवाद ठेविला. हँडलनें 1718 च्या सुमारास रचिलेल्या आपल्या एका नाट्यसंगीतांत पॉलिफीमस नामक राक्षसाच्या खर्ज गाण्याबरोबर बारीक आवाजाचा रेकॉर्डर योजिला आहे. त्या विषम जोडीचें हंसूं आल्यावांचून राहत नाहीं. आवाजाचा लहानपणा हाहि असा उपयोगास आणतां येतो.

तिसरें उत्तर जिभेचें आहे. रेकॉर्डरमध्यें प्रत्येक स्वराचा आरंभ जिभेनें करावयाचा असतो. ‘तु’ म्हटलें तर स्वर टणक निघतो, ‘दु’ म्हटलें तर मऊ. ‘तु-रु, तु-रु’ अशा जोड्या केल्या तर चाल झुलत चालल्यासारखी वाटते. स्वर तोडून वाजविले म्हणजे ऐकणारास ते हलके भासतात, लांबवून जोडले म्हणजे भरदार भासतात. फुंक मात्र तीच असते. म्हणून रचनाकारानें केवळ स्वर लिहून थांबूं नये. ते तोडावयाचे कीं जोडावयाचे हेंहि लिहावें. तबल्याचे बोल जसे तोंडानें म्हणून पाठ करितात, तसे हे उच्चार आधीं तोंडानें म्हणून पाहावे.

आतां प्रत्यक्ष एक चाल बांधूं. डेस्कंट रेकॉर्डर घेऊन पाश्चात्य पद्धतींतील ‘जी’ या स्वरास सा मानावें, म्हणजे एकट्या डाव्या हातानें पांच स्वर मिळतात. आंगठा व पुढील तीन बोटें ठेविलीं म्हणजे सा; तिसरें उचललें म्हणजे रे; दुसरेंहि उचललें म्हणजे ग. आंगठा व केवळ मधलें बोट ठेविलें म्हणजे म, आणि नुसतें मधलें बोट ठेविलें म्हणजे प. आतां बारकाईनें पाहा. ग वरून म वर जातांना एक बोट उचलावें व त्याच क्षणीं दुसरें ठेवावें लागतें. नवशिक्याच्या हातून मध्येंच एक भलताच स्वर निसटतो. परंतु रे वरून म वर जाण्यास एकच बोट उचलावें लागतें, आणि म वरून प वर जाण्यास केवळ आंगठा. कागदावर ग व म शेजारी आहेत, पण बोटांस रे व म हेच जवळचे शेजारी आहेत. नवशिक्यासाठीं चाल बांधणारानें बोटांचें हें शेजार सांभाळावें. तसें सांभाळून पुढील चाल बांधिली आहे:

सा रे ग सा | रे ग रे ऽ | रे म प म | रे ग सा ऽ

प्रत्येक स्वर एक मात्रेचा. ऽ या चिन्हापाशीं मागील स्वर लांबवावा व तो संपतां संपतां श्वास घ्यावा. या वाद्यास फुंक थोडी लागते हें खरें, तरी श्वासाची जागा चालींतच राखून ठेवणें हें रचनाकाराचें कर्तव्य होय. गाणाऱ्याच्या वाक्यास जसा विराम असतो तसा तो येथेंहि असावा. दुसऱ्या वेळीं फान आइकच्या रीतीनें पहिला खंड असा करावा: सासा रेसा गरे सा. प्रत्येक मात्रेचा आरंभ मूळ स्वरानेंच होतो हें लक्षांत ठेविलें म्हणजे पुढील तीन खंड तुम्हांस स्वतः करितां येतील.

आतां या चालीखालीं दुसऱ्या वादकासाठीं ही ओळ लिहावी:

सा ऽ ऽ ऽ | रे ऽ ऽ ऽ | रे ऽ ऽ ऽ | रे ऽ सा ऽ

हींत केवळ दोन स्वर आहेत. वर्गांतील सर्वांत मागें असलेल्या मुलासहि ती एका तासांत येईल. परंतु ती क्षुद्र नाहीं. पहिल्याच मात्रेवर दोघेहि एका सा वर येतात. तेथें एकानें जोर केला कीं त्याचा स्वर चढतो आणि दोन स्वरांची ओढाताण कानास तत्काळ बोंचते. अशा वेळीं हुशार मुलास आपली फुंक आवरून शेजाऱ्याचा स्वर ऐकावाच लागतो. घरांत मुलाचा रेकॉर्डर कर्कश वाटतो अशी कित्येक पालकांची तक्रार असते. त्यांनीं वाद्य बंद करूं नये, ‘जरा हळू फुंक’ इतकेंच सांगावें. बहुतेक कर्कशपणा अधिक फुंकेमुळें उत्पन्न होतो.

शिकणाऱ्यांसाठीं लिहिणें हें मोठ्या रचनाकारांनींहि कमीपणाचें मानिलें नाहीं. आर्नोल्ड डॉलमेच यांच्या मालकीचा जुना रेकॉर्डर 1919 सालीं लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावर पिशवीसह हरवला. तेव्हां त्यांनीं स्वतःच नवे रेकॉर्डर घडविण्यास आरंभ केला, आणि या वाद्याच्या पुनरुज्जीवनास मोठी चालना मिळाली. पुढें 1932 सालीं जर्मनींतील प्लोन गांवच्या शाळेंत एक संपूर्ण दिवस संगीताचा व्हावा म्हणून पाउल हिंडेमिट यांनीं सकाळपासून संध्याकाळपर्यंतचें संगीत लिहून दिलें. त्यांत तीन रेकॉर्डरांसाठीं एक रचना आहे. इंग्लंडांत बेंजामिन ब्रिटन यांनीं नोहाच्या जलप्रलयाच्या कथेवर संगीतनाट्य रचिलें, व तें 1958 सालीं ऑर्फर्डच्या देवळांत झालें. त्यांत मुलांच्या रेकॉर्डरांस मुद्दाम स्थान दिलें असून, तारवांतून सोडलेल्या कबुतराची फडफड एक रेकॉर्डर जीभ थरथरवून दाखवितो. तें काम त्या प्रचंड ऑर्गनास साधलें नसतें.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत अशी चार खंडांची एक चाल बांधून पाहा. ती स्वतः वाजविण्यापूर्वीं दुसऱ्याच्या हातीं द्या. त्याचीं बोटें कोठें अडखळतात, त्याचा श्वास कोठें अपुरा पडतो, हें निमूटपणें पाहा, आणि त्याप्रमाणें आपला कागद दुरुस्त करा. चाल अडली तर वाजविणारास दोष देण्याची घाई करूं नका. पुष्कळदां दोष लिहिणाराच्या कागदांतच सांपडतो. लहान वाद्याची मर्यादा ओळखून जो त्याच्याकडून त्याच्या जोगें काम करून घेतो, त्याच्या हातून मोठ्या वाद्यासाठींहि चांगली रचना होईल यांत संशय नाहीं.