हात थरथरतो म्हणून बैठक सोडू नका



गटांच्या बैठकांना फिरताना एक गोष्ट नेहमी दिसते. सहीची वेळ आली की एखादी मावशी हात पदराखाली घेते. चहा नको म्हणते. हळूहळू बैठकीलाच येईनाशी होते. बाकीच्या म्हणतात, "वय झालं आता." पण थरथरीमागं कारण असतं आणि त्यावर करण्यासारखंही पुष्कळ असतं. म्हणून या महिन्याचा आरोग्यपाठ यावर.

थरथर ओळखा

१) कप उचलताना, लिहिताना हात हलतो, मांडीवर ठेवला की थांबतो. असा त्रास पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो.

२) हात मांडीवर स्वस्थ असतानाच थरथरतो, बहुतेक वेळा एका बाजूनं सुरू होतो, चाल मंदावते, अंग ताठ होतं. हा कंपवात असू शकतो. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला पार्किन्सन्स म्हणतात.

३) थायरॉइड वाढणं, साखर एकदम उतरणं, दम्याची काही औषधं, यानंही हात कापतात. कारण सापडलं तर ही थरथर कमी होते.

म्हणून आधी तपासणी. आशाताईंशी बोला, आरोग्य केंद्रात जा, चालू असलेली सगळी औषधं सोबत न्या. मनानं कुठलंही औषध बंद करू नका. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

व्यायाम

फिजिओथेरपीनं मूळ आजार जात नाही. पण ताकद, तोल आणि हातावरचा ताबा सुधारायला मदत होते. कोणता व्यायाम किती करायचा, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. साधारण असे व्यायाम असतात:

- हाताचा कोपरापुढचा भाग टेबलावर टेकवून, अर्धा लिटर पाण्याची बाटली धरून मनगट सावकाश वर-खाली करणं.
- मऊ चेंडू किंवा घडी केलेलं फडकं मुठीत दाबणं, सोडणं.
- कंपवात असेल तर मुद्दाम मोठी पावलं टाकत चालणं.

दमलात की थांबा. दमलेला हात जास्त थरथरतो.

रोजची कामं

- कोपर अंगाशी किंवा टेबलाला टेकवा. हाताला आधार मिळाला की थरथर कमी होते.
- पेला अर्धाच भरा, दोन्ही हातांनी धरा.
- गरम पातेलं उचलू नका. ते जागेवरच ठेवून डावानं वाढा.
- भाजी बसून, घाई न करता चिरा.
- ब्लाउजला बटणांऐवजी चिकटपट्टी लावून घ्या.
- चहा-कॉफीनं थरथर वाढते का, ते आठवडाभर कमी करून पाहा.
- पेनाला कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा.

सहीचं काय?

सही बदलली असेल तर बँकेत नवा नमुना द्या. सही जमतच नसेल तर आजारी, वृद्ध खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. त्यातला एक साक्षीदार बँकेचाच जबाबदार कर्मचारी असतो. सही जमत नाही म्हणून कुणाचं सभासदत्व किंवा कर्ज अडवू नका.

गटानं काय करायचं?

ताण आला, चार जणी बघत राहिल्या की थरथर वाढते. म्हणून "लवकर कर" म्हणू नका, हसू नका. वही टेबलावर ठेवा, वेळ द्या. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाचा रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा स्वमदत गटच आहे. एकमेकींना धरून चालणं आपल्याला काही नवीन नाही.

पुढच्या बैठकीत बोला

१) थरथरीमुळं आपल्या गटातून कोण मागं राहिलंय?
२) तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार? नाव आणि तारीख ठराव वहीत लिहा.