न बोलता दिलेला सल्ला

मित्रांनो, वाचण्याआधी एक प्रश्न. समोरच्या माणसाची भाषा आपल्याला येत नसेल, तर त्याला मदत कशी कराल? उत्तर मनात ठेवा आणि पुढे वाचा.

मी महाराष्ट्रात वाढलो. लहानपणी मला बर्फ म्हटलं की बर्फाचा गोळाच आठवायचा. बर्फावर खेळतात, हे खूप उशिरा कळलं. तुमच्यातले काही जण मात्र स्केट घालून बर्फावर मस्त पळतात! म्हणून ही आइस हॉकीची गोष्ट तुमच्यासाठी.

1960 साली हिवाळी ऑलिंपिक कॅलिफोर्नियातल्या स्क्वॉ व्हॅलीत झालं. आता त्या जागेला ऑलिंपिक व्हॅली म्हणतात. त्या वर्षी आइस हॉकीची जागतिक स्पर्धा वेगळी झाली नाही. ऑलिंपिक जिंकणारा संघच जगज्जेता ठरणार होता.

कॅनडा आणि सोव्हिएत रशिया हे बलाढ्य संघ होते. अमेरिकेचे खेळाडू हौशी होते. बिल आणि रॉजर ख्रिश्चन हे भाऊ तर मिनेसोटातले सुतार! पण या संघाने कॅनडाला 2-1 असं हरवलं. मग 27 फेब्रुवारीला रशियालाही 3-2 असं हरवलं. त्यातले दोन गोल बिलचे होते.

लगेच दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी आठ वाजता, चेकोस्लोव्हाकियाशी शेवटचा सामना होता. जिंकले तर सुवर्णपदक! पण खेळाडू दमले होते. त्यात ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 6,200 फूट उंच. उंचावर हवा विरळ असते, म्हणून लवकर धाप लागते. आइस हॉकीत 20 मिनिटांचे तीन भाग असतात. दोन भाग संपले, तेव्हा अमेरिका 3-4 अशी मागे होती.

तेवढ्यात अमेरिकेच्या ड्रेसिंग रूममध्ये कोण आलं असेल? रशियाचा कर्णधार निकोलाय सोलोगुबॉव! त्या काळी अमेरिकेचं आणि रशियाचं अजिबात पटत नसे. शिवाय आदल्याच दिवशी तो या संघाकडून हरला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने तोंडावर हात धरून खूण केली. 'ऑक्सिजन घ्या', असं त्याला सांगायचं होतं. काही खेळाडूंनी तो घेतला.

शेवटच्या भागात अमेरिकेने सहा गोल केले आणि सामना 9-4 असा जिंकला. रॉजरने एकट्याने त्या सामन्यात चार गोल मारले. आइस हॉकीतलं अमेरिकेचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक!

ते ऑक्सिजनमुळे जिंकले का? तसं म्हणता येणार नाही. खेळले तर तेच ना! पण स्वतः हरल्यावरही दुसऱ्या संघाच्या मदतीला जाणं, याला मराठीत छान शब्द आहे : खिलाडूवृत्ती.

आणि हो, आजीशी बोलताना एखादा मराठी शब्द अडला, तर गप्प बसू नका. हातवारे करा. सोलोगुबॉवचंही काम भागलंच की!

शब्दार्थ
हौशी – पैशांसाठी नाही, तर आवडीसाठी खेळणारा
बलाढ्य – खूप ताकदवान
विरळ – दाट नसलेली
धाप लागणे – दमल्यामुळे जोरजोरात श्वास चालणे
काम भागणे – गरजेपुरतं काम होणे

स्वाध्याय
1. खेळाडूंना लवकर धाप का लागत होती?
2. सोलोगुबॉवने मदत का केली असेल? तुमचं मत तीन वाक्यांत लिहा.
3. 'खिलाडूवृत्ती' हा शब्द वापरून तुमच्या शाळेतला एक प्रसंग सांगा.