पासबुकात आहे ते अहवालात का नाही?

प्रश्न : वरळीतल्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदार. क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये १ जुलैपासूनचा बँकेचा हिशेब काढून ‘जमा वजा नावे’वर रनिंग टोटल लावला. ३१ जुलैची शिल्लक ६,५०० आली. पासबुकात ४८,८०० आहे. सॉफ्टवेअर चुकतंय का?
– एक वाचक, वरळी

उत्तर : खजिनदारसाहेब, सॉफ्टवेअर बरोबर आहे आणि पैसेही जागेवर आहेत. रनिंग टोटल फक्त अहवालात आलेल्या नोंदींची बेरीज करतो. तुम्ही तारीख १ जुलैपासून लावलीत, त्यामुळे ३० जूनअखेरचे ४२,३०० त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत. फरक प्रत्येक ओळीवर तेवढाच दिसतोय ना? मग निश्चिंत राहा.

‘आरंभीची शिल्लक’ ही पहिली नोंद म्हणून डेटातच घाला. फॉर्म्युला जमत असेल तर व्हेरिएबल शून्याऐवजी त्या रकमेपासून सुरू करा. मला पहिलाच मार्ग बरा वाटतो. ऑडिटरलाही ती ओळ समोर दिसते.

क्रम तारखेबरोबर व्हाउचर नंबरनेही लावा. जमा किंवा नावेचा रकाना रिकामा असेल तर फॉर्म्युल्याचं उत्तरच कोरं येतं, तिथे शून्य धरायला लावा. आणि सिंकिंग फंडाचं खातं वेगळं असेल तर खातं बदलताच टोटल ‘रीसेट’ करा, नाहीतर दोन्ही शिल्लका एकमेकींत मिसळतील.