छोट्या दगडखाणी : नियमन, संनियंत्रण आणि भूमी-पुनरुद्धार

रस्ते, पूल आणि घरे यांच्या बांधकामासाठी लागणारी खडी मोठ्या प्रमाणावर छोट्या दगडखाणींतून मिळते. एकेक खाण क्षेत्रफळाने लहान असली, तरी तिच्यामुळे पडणारा खड्डा आणि बदलणारे पाण्याचे प्रवाह पट्ट्याची मुदत संपल्यावरही कायम राहतात. म्हणूनच खाण सुरू होतानाच ती बंद कशी करावयाची हे ठरविणे, हा या नियमनाचा गाभा होय.

कायद्याची चौकट

खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ नुसार इमारती दगड, रेव व साधी माती यांचा समावेश गौण खनिजांत होतो. त्यांचे खाणपट्टे व स्वामित्वधन यांविषयी नियम करण्याचा अधिकार कलम १५ अन्वये राज्य शासनांना आहे. धूळ व सांडपाणी यांबाबत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आवश्यक असते.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत खाणकामासाठी ५ हेक्टरची किमान मर्यादा होती. परिणामी मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडून मंजुरी टाळणे शक्य झाले. हरियाणातील लिलावांसंबंधीच्या दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी ५ हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी अनिवार्य केली. १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने परस्परांपासून ५०० मीटरपेक्षा कमी अंतरावरील पट्ट्यांचा 'समूह' म्हणून एकत्रित विचार सुरू केला. तथापि, तिच्यातील छोट्या पट्ट्यांसाठीची शिथिल कार्यपद्धती दीपक कुमार निर्णयाशी सुसंगत नाही, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १३ सप्टेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले.

संनियंत्रणाची साधने

मंजुरीतील अटींच्या पालनाचा अहवाल दरवर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी सादर करावा, अशी तरतूद २००६ च्या अधिसूचनेत आहे. परंतु अहवालाला प्रत्यक्ष मोजणीची जोड हवी. एक हेक्टर क्षेत्रात सलग खडक एक मीटर खोल काढल्यास १०,००० घनमीटर दगड निघतो. ग्रॅनाइटची घनता प्रतिघनमीटर सुमारे २.६ टन धरल्यास तो सुमारे २६,००० टन भरतो. खड्ड्याच्या मोजणीतून आलेला हा आकडा वाहतूक परवान्यांतील नोंदींशी ताडून पाहिल्यास अवैध उत्खनन उघड होते. उपग्रह प्रतिमांवरून पट्ट्याची हद्द ओलांडली गेल्याचे समजते. खोली जाणण्यासाठी मात्र भूमापन आवश्यक ठरते.

पुनरुद्धाराचे स्वरूप

कोळसा खाणीत वरचे आच्छादन परत खड्ड्यात भरता येते. दगडखाणीत मात्र खडक हेच उत्पादन असल्याने भरावासाठी फारसे साहित्य उरत नाही. त्यामुळे येथे पुनरुद्धार म्हणजे पूर्ववत भूमी नव्हे, तर सुरक्षित व उपयुक्त भूमी. त्यासाठी पुढील उपाय योजले जातात :

● वरच्या थरातील सुपीक माती प्रारंभीच वेगळी साठवून नंतर पसरणे.
● उभ्या कड्यांना पायऱ्यांसारखे टप्पे देऊन कोसळण्याचा धोका कमी करणे.
● खाणीभोवती चर व गाळ साठविणारे तळे करून पावसाचे गढूळ पाणी शेतात जाऊ न देणे.
● खोल भागात जलसाठा करून सभोवती कुंपण घालणे आणि स्थानिक प्रजातींची लागवड करणे.

खाणकाम संपल्यावर बाधित जमिनीवर पुन्हा गवत उगवावे आणि ती चारा, वनस्पती व प्राणिजीवनास योग्य व्हावी, अशी अट पट्ट्यांना घालण्याचा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी दिला. गुरुग्राम येथील अरवली जैवविविधता उद्यान हे या दिशेचे बोलके उदाहरण आहे. खाणकामाने उजाड झालेल्या या जागेवर २०१० पासून नागरिक व महानगरपालिका यांच्या सहभागातून धौ, सालई यांसारख्या स्थानिक वृक्षांचे वन उभे राहिले.

समारोप

छोट्या पट्टाधारकाकडे खाण संपल्यावर उत्पन्न उरत नाही. खर्च मात्र तेव्हाच येतो. त्यामुळे पुनरुद्धारासाठीचा निधी उत्पादन सुरू असतानाच वेगळा ठेवणे आवश्यक ठरते. पर्यावरण मंत्रालयाच्या गटाने मार्च २०१० मध्येच अशा स्वतंत्र निधीची आणि खाण आराखड्याची शिफारस केली होती. नियम पुरेसे आहेत. नियमित मोजणी आणि हाती असलेला निधी यांवाचून ते जमिनीवर उतरत नाहीत. अन्यथा दगड शहरात पोहोचतो आणि खड्डा गावाच्या वाट्याला येतो.