तीन रंग, चव एकच

प्रश्न : माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला एका व्हिडिओ गेमच्या मालिकेचा शेवट पटला नाही, तर दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. कादंबरीचा शेवट आवडला नाही की आपण नाक मुरडतो आणि विसरून जातो. गेमच्या गोष्टीवर एवढा राग कशासाठी? आणि रागावून काही बदलतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गेम कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण अशा रागाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 'मास इफेक्ट ३'चं आहे आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात सापडतात.

कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीने या मालिकेचा पहिला भाग २००७ मध्ये काढला, दुसरा २०१० मध्ये आणि तिसरा मार्च २०१२ मध्ये. दर पन्नास हजार वर्षांनी येऊन आकाशगंगेतल्या प्रगत संस्कृतींचा फडशा पाडणाऱ्या 'रीपर' यंत्रांशी कमांडर शेपर्डने दिलेला लढा, ही तिची गोष्ट. शेपर्ड पुरुष की स्त्री, दयाळू की कठोर, हे खेळणारा ठरवतो. पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर ॲशली आणि केडन या दोन सोबत्यांपैकी एकालाच वाचवता येतं. पुढच्या भागात जुनी सेव्ह फाइल घातली की मेलेला मेलेलाच राहतो. असे शेकडो निर्णय पाच वर्षं सोबत येतात. कादंबरी लेखकाची असते. ही गोष्ट मात्र खेळणाऱ्याला अर्धीअधिक आपली वाटते, आणि तसं वाटावं म्हणूनच ती तशी रचलेली होती.

तिसऱ्या भागातला रॅनॉक ग्रहाचा प्रसंग पाहा. क्वेरियन लोकांनी गेथ नावाची यंत्रं घडवली आणि पुढे दोघांत तीन शतकांचं वैर माजलं. दुसऱ्या भागात टाली आणि लीजन या सोबत्यांची कामं नीट निभावलेली असली तरच इथे समेट घडवता येतो, नाहीतर दोघांपैकी एक जमात संपते. समेट झाला की खेळणाऱ्याचा ऊर भरून येतो. आणि काही तासांनी, अगदी शेवटी, लहान मुलाच्या रूपातली एक शक्ती समोर येऊन सांगते की यंत्रं आणि त्यांना घडवणारे कधीच एकत्र नांदू शकत नाहीत. 'अरे, मी आत्ताच नांदवून आलोय!' हे तिला सुनावण्याची सोयच मूळ शेवटात नव्हती. रीपरांचा नाश, त्यांच्यावर ताबा किंवा यंत्र आणि सजीव यांचा मिलाफ, यांतलं एक निवडायचं. निवड कोणतीही केली तरी दृश्यं जवळपास तीच. स्फोटाचा रंग तेवढा लाल, निळा किंवा हिरवा. वाचवलेल्या माणसांचं पुढे काय झालं, याबद्दल अवाक्षर नाही. गेम येण्याआधी दिग्दर्शक केसी हडसन यांनी मुलाखतीत सांगितलं होतं की याचे शेवट 'अ, ब, क' असे मोजता येणार नाहीत. प्रत्यक्षात ते तसेच मोजता आले.

म्हणून हा राग मला रास्त वाटतो. शेपर्ड मेला याचं दुःख अनेकांना झालं, पण शोकांतिका पचवायची बहुतेकांची तयारी होती. डाचलं ते हे, की तुमच्या निर्णयांना किंमत आहे असं पाच वर्षं सांगून ऐनवेळी शब्द फिरवला.

लोकांनी तो राग व्यक्त कसा केला, तेही सांगायला हवं. चाहत्यांनी वर्गणी काढून बायोवेअरला ४०० कपकेक पाठवले : लाल, निळे, हिरवे, आणि चव सगळ्यांची एकच, व्हॅनिला. त्याच मोहिमेत इस्पितळातल्या मुलांसाठी काम करणाऱ्या 'चाइल्ड्स प्ले' संस्थेला सुमारे ८०,००० डॉलर मिळाले. याउलट २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' आला, तेव्हा ॲबी या पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ज्या पात्राचा राग आला, त्याची कथा त्यांनी लिहिलेलीही नव्हती. अशा वागण्याला कोणतीही निराशा सबब होऊ शकत नाही.

आता, बदललं काय? बायोवेअरचे सहसंस्थापक रे मुझिका यांनी चाहत्यांना जाहीर पत्र लिहिलं आणि २६ जून २०१२ रोजी 'एक्स्टेंडेड कट' हा वाढीव शेवट कंपनीने मोफत दिला. मूळ शेवट तसेच राहिले, पण सोबत्यांचं, जमातींचं पुढे काय झालं ते कळलं. तिन्ही पर्याय झिडकारण्याचा चौथा रस्ताही आला. तो धरला तर रीपर जिंकतात. माझ्या मते याने गोष्टीतली पोकळी भरली, रॅनॉकचा मुद्दा मात्र तसाच राहिला.

तेव्हा मुलाला 'गेमच तर आहे' असं म्हणू नका. त्याचा कोणता निर्णय वाया गेला ते विचारा. तो भरभरून बोलेल. आणि त्याला 'मास इफेक्ट' खेळायचा असेल, तर २०२१ ची 'लेजेंडरी एडिशन' घ्यायला सांगा. तिन्ही भाग एकत्र आहेत आणि वाढीव शेवट त्यात आधीच घातलेला आहे.