कंस, जीवा आणि एक बंद पडलेले स्थानक
(भूमिती व भूगोल यांच्या पूरक पाठासाठी)

वर्तुळ, त्रिज्या, कंस व जीवा ह्या संज्ञा विद्यार्थी पाठ करतात, फळ्यावर आकृती काढून दाखवितात, आणि परीक्षा संपली की विसरतात. कंस आणि जीवा यांच्यामध्ये राहणाऱ्या थोड्याशा अंतरामुळे एखादी सुंदर वास्तू निरुपयोगी ठरू शकते, ही गोष्ट मात्र एकदा ऐकली की सहसा विसरली जात नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या पोटात असलेल्या ‘सिटी हॉल’ ह्या भुयारी रेल्वेस्थानकाचा इतिहास हा तसाच आहे.

सिटी हॉल म्हणजे नगराचे मुख्य कार्यालय. त्याच्यासमोर 24 मार्च 1900 रोजी भुयारी रेल्वेच्या कामाची पहिली कुदळ मारण्यात आली, आणि 27 ऑक्टोबर 1904 रोजी तेथूनच 145 व्या रस्त्यापर्यंतचा सुमारे 9 मैलांचा मार्ग खुला झाला. मार्गावर 28 स्थानके होती. भाडे कितीही अंतरास 5 सेंट. नगराचे महापौर जॉर्ज मॅक्लेलन यांनी पहिली गाडी समारंभापुरती हाकावयाची होती. पण एकदा हाती आलेली मूठ त्यांनी 103 व्या रस्त्यापर्यंत सोडली नाही! मार्गाचे मुख्य अभियंते विल्यम बार्कले पार्सन्स हे होते, व स्थानकांच्या सजावटीचे काम हाइन्स आणि लाफार्ज ह्या वास्तुशिल्पकारांकडे होते.

बहुतेक भुयारी मार्ग रस्ता उकरून तयार केला गेला. रस्त्यात खोल चर खणावयाचा, त्यात पोलादी खांब व तुळया उभारावयाच्या, वर छत घालून रस्ता पूर्ववत करावयाचा, अशी ही रीत. त्यामुळे इतर स्थानकांत सपाट छत आणि खांबांच्या रांगा दिसतात. सिटी हॉलचे स्थानक मात्र निराळे. रस्त्यावरून जिन्याने उतरले की प्रथम तिकिटाचे दालन लागे. त्यावर घुमटासारखे कमानदार छत असून माथ्यावरील वाटोळ्या झरोक्यातून दिवसाचा उजेड खाली येई. तेथून दुसरा जिना फलाटावर उतरतो. फलाटावरही एकामागून एक कमानी, काही कमानींच्या माथ्यावर काचेचे झरोके, मधून मधून पितळी झुंबरे, आणि हिरव्या, तपकिरी व फिक्या पांढऱ्या रंगांच्या चकचकीत लाद्या. एकही खांब दृष्टीच्या आड येत नाही. जमिनीखाली जावयास लोक बिचकतील, अशी त्या काळी धास्ती होती. ती घालविण्यास भाषणांपेक्षा असा उजेडच अधिक उपयोगी पडला असेल.

ह्या कमानी राफाएल ग्वास्ताविनो यांच्या पद्धतीने बांधलेल्या आहेत. हे गृहस्थ स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे 1842 मध्ये जन्मले व 1881 मध्ये अमेरिकेस गेले. आपल्याकडील जुन्या वाड्याच्या दारावर दगडी कमान असते. तिचे दगड जाड असतात, आणि माथ्याचा दगड बसेपर्यंत सर्व भार खालच्या लाकडी आधाराने पेलावा लागतो. ग्वास्ताविनो यांची कमान सुमारे इंचभर जाडीच्या पातळ भाजक्या लाद्यांची असे. पहिल्या थरातील लादी चटकन आवळणाऱ्या मसाल्याने शेजारच्या लादीच्या कडेस चिकटवीत; म्हणून खाली जड आधार लागत नसे. त्यावर सिमेंटात दुसरा व तिसरा थर, प्रत्येक थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर न येतील असे बसवीत. पातळ असूनही असे छत मोठा भार सहन करते. स्पेनमधील कॅटलोनियाच्या गवंड्यांची ही जुनी विद्या. तिला शास्त्रीय रूप देऊन ग्वास्ताविनो यांनी अमेरिकेत रुजविली.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. हे स्थानक मार्गाच्या टोकास होते. आलेली गाडी परत फिरविण्यासाठी रूळच वळवून त्यांचा फास केला होता, आणि त्या वळणाच्या बाहेरच्या अंगास फलाट बांधला होता. गाडी न थांबता, न उलटता फिरून परतीच्या मार्गास लागे. योजना उत्तम होती. पण फलाट वाकडा आणि गाडीचा डबा मात्र सरळ! म्हणजे फलाटाची कड हा कंस, व डबा ही जीवा.

हे मैदानावर दाखवावे. खुंटीला 6 मीटर दोरी बांधून दुसऱ्या टोकाने फक्कीचा मोठा कंस आखावा. 2 मीटरची काठी दोन्ही टोके कंसावर टेकतील अशी ठेवून, काठीच्या मध्यापासून कंसापर्यंतचे अंतर विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावे. ते सुमारे 8 सेंटिमीटर भरेल. मग 4 मीटरचा बांबू ठेवावा. तेच अंतर सुमारे 34 सेंटिमीटर होईल. लांबी दुप्पट, पण अंतर चौपटीहून किंचित अधिक! वरच्या वर्गात पायथागोरसच्या सिद्धांताने ताळा पाहता येईल: 6 चा वर्ग 36, अर्ध्या बांबूचा वर्ग 4, वजाबाकी 32, तिचे वर्गमूळ सुमारे 5.66. ते 6 मधून वजा करावे. कंसाबाहेर उभ्या केलेल्या मुलास बांबूच्या टोकापाशी व नंतर मध्यापाशी पाऊल टाकावयास सांगितले, म्हणजे पुढील कथा अर्धी सांगून झालीच.

सुरुवातीच्या डब्यांची दारे दोन्ही टोकांस असत, आणि टोके फलाटालगत येत. तेव्हा फट अडचणीची नव्हती. गर्दी वाढली तशी चढउतार लवकर व्हावी म्हणून डब्याच्या मध्यभागीही दार आले. डब्याची लांबी सुमारे 51 फूट. मधले दार आणि फलाट यांत धोकादायक फट पडू लागली. शिवाय फलाट पाच डब्यांपुरताच होता. गाड्या लांब झाल्यावर इतर फलाट वाढविता आले. वळणावरचा हा फलाट वाढविणे अतिशय कठीण होते. जवळच्याच ब्रुकलिन ब्रिज स्थानकावर जलद गाड्याही मिळत, त्यामुळे प्रवासी तिकडे चालत जात. शेवटी येथे दिवसाकाठी सुमारे 600 प्रवासीच येत असत. 31 डिसेंबर 1945 रोजी हे स्थानक बंद झाले. झरोक्यांच्या काचा त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, काळ्या केल्या गेल्या होत्या.

बांधणाऱ्यांना भूमिती येत नव्हती, असा समज विद्यार्थ्यांचा होऊ देऊ नये. त्यांच्यासमोर जी गाडी होती, तिच्यासाठी त्यांचे उत्तर बरोबर होते. पुढे गाडीच बदलली. नगराने 1979 मध्ये स्थानकाच्या अंतर्भागास संरक्षित वास्तूचा दर्जा दिला, आणि तेथील वाहतूक संग्रहालय आपल्या सभासदांस ते दाखविते. फासाचे रूळही मोडीत निघालेले नाहीत. 6 क्रमांकाची गाडी ब्रुकलिन ब्रिज येथील फेरी संपवून याच वळणावरून परतते. गाडीत बसून राहिलेल्या प्रवाशाला उजव्या बाजूच्या खिडकीतून त्या कमानी क्षणभर दिसतात. गाडी मात्र थांबत नाही.